बद्द आवाज

मिस्त्रींनी इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे जड लोखंडी झाकण, साखळीच्या आकड्याला टांगले, ते डोलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लहान हातोडी दांड्याच्या टोकाशी सैल धरून त्याच्या कडेवर एक ठोका दिला. आवाज उमटला आणि तिथल्या तिथे बसला. मग भिंतीशी ठेवलेले, दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरचे, तसेच हेड त्यांनी त्याच आकड्याला टांगले आणि त्यालाही तसाच ठोका दिला. तो आवाज मात्र बराच वेळ शेडच्या पत्र्याखाली रेंगाळत राहिला. "ऐकलंत ना सर? तुमचं बद्द वाजतंय," एवढेच म्हणून त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि चिंधीने हात पुसायला घेतले.

बद्द हा शब्द मी लहानपणी कुंभाराच्या अंगणात ऐकला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलो की आई एकेक माठ डाव्या तळहातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवून पाहायची, आणि ज्याचा आवाज बद्द येईल तो दिसायला कितीही देखणा असला तरी बाजूला सारायची. तडा डोळ्यांना दिसायचा नाही. तरीही माठ घरी आणून पाणी भरले असते तर तो रात्रीतून पाझरला असता, यावर तिचा पुरा भरवसा होता. मिस्त्रींचे वर्कशॉप मिरजेत आहे, सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावात, आणि अशा गावात लोखंडाचीही पारख कानाने व्हावी याचे मला त्या दिवशी नवल वाटले नाही. वाईट मात्र फार वाटले, कारण ते हेड आमच्या ट्रॅक्टरचे होते.

हा ट्रॅक्टर आबांनी 1988 साली कर्ज काढून घेतला. मॅसी फर्ग्युसन 1035, तीन सिलिंडर, साधारण 2400 सीसीचे डिझेल इंजिन. ट्रॅक्टर तेव्हाच्या मद्रासच्या टॅफे कंपनीचा, इंजिन त्याच शहरातल्या सिम्पसनचे, आणि इंजिनाची मूळ बनावट इंग्लंडमधल्या पीटरबरोची, जिथे फ्रँक पर्किन्स यांनी 1932 मध्ये वेगवान डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. इतक्या लांबून आलेली ती बनावट कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या माळरानावर रुळली. तिने नांगरट केली, द्राक्षबागेत औषध फवारले, गळीत हंगामात कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढल्या आणि माझ्या दोन्ही बहिणींची वऱ्हाडे नेली. मी सांगलीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि शनिवार-रविवार शेतावर असतो. आबांचे वय आता 79 आहे. क्लच दाबायला गुडघा साथ देत नाही, म्हणून चारेक वर्षांपासून ट्रॅक्टर मीच चालवतो.

गेल्या उन्हाळ्यापासून रेडिएटरमधले पाणी रोज लिटरभर कमी होऊ लागले. जमिनीवर थेंब पडलेला दिसत नव्हता, होजपाइप कोरडे होते, वॉटर पंपही गळत नव्हता. सुरू इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून पाहिले तर पाण्यात सारखे बुडबुडे येत होते. दिवाळीच्या सुमारास ऑइलची पट्टी ओढून बघितली, तेव्हा तिच्यावरचे काळे ऑइल जाऊन दुधाच्या चहासारखे फेसाळ काहीतरी दिसले. पाणी ऑइलमध्ये उतरले होते, आणि पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांना वंगण देत नाही, त्यांना खाते. त्या दिवशी ट्रॅक्टर जिथे होता तिथेच उभा केला.

या जातीच्या ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. पुढचा आस, इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस हे एकमेकांना बोल्टने जोडले जातात आणि त्यांचाच मिळून ट्रॅक्टरचा कणा होतो. फोर्डसन ट्रॅक्टरने 1917 पासून रूढ केलेली ही रचना आहे. त्यामुळे आमच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य ओतीव भाग, स्फोटांचा दाब तर सोसतोच, पण भरलेली ट्रॉली खड्ड्यातून जाताना बसणारा हिसका आणि नांगर खडकाला अडल्यावर येणारा ताणही त्याच्याच अंगावर येतो. इंजिन बाहेर काढायचे म्हणजे ट्रॅक्टरच दोन भागांत उघडावा लागतो. लाकडी ओंडक्यांवर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा टेकवून मधले इंजिन काढले आणि छोट्या हत्तीत घालून मिरजेला नेले, तेव्हा आबा वरवंडीच्या दगडावर बसून पाहत होते. रिकाम्या झालेल्या मधल्या जागेतून पलीकडची ज्वारी दिसत होती.

इंजिन खोलल्यावर कॉस्टिकच्या टाकीत एक रात्र ठेवले आणि दुसऱ्या दिवशी प्रेशरने धुतले. मी आतापर्यंत ज्याला इंजिनाचा रंग समजत होतो तो 30-35 वर्षांचा ऑइल-मातीचा थर होता हे तेव्हा कळले. पण खरा धक्का पाण्याच्या वाटा पाहून बसला. ब्लॉकच्या बाजूच्या चकत्या, ज्यांना वर्कशॉपात वॉटर प्लग म्हणतात, त्या काढून मिस्त्रींनी आत बॅटरीचा झोत टाकला आणि मला वाकून बघायला सांगितले. तिसऱ्या सिलिंडरभोवती जिथे पाणी फिरायला हवे तिथे पांढरट-तांबूस दगड वाढला होता. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून एक खपली काढली, ती चार मिलिमीटर भरली. हातात घेतल्यावर ती मला तत्काळ ओळखीची वाटली. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, आणि दर दिवाळीच्या आधी आई तो उपडा करून ठोकून ठोकून त्यातला क्षार काढायची. क्षार साठला की लाकडे दुप्पट जळतात आणि पाणी तापत नाही, असे ती म्हणायची. ज्या बोअरवेलचे पाणी बंबात जायचे तेच पाणी आम्ही त्याच घागरीने रेडिएटरमध्ये ओतत होतो. बंब दरवर्षी साफ झाला. इंजिनाच्या पोटातला क्षार कुणी कधी काढला नाही, कारण तो कुणाला दिसला नाही.

बिडाच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या, तुलनेत या क्षारातून उष्णता कितीतरी पटींनी मंद वाहते. म्हणजे रेडिएटर गार असो, पंखा जोरात फिरो, तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात असो, त्या थरामागचे लोखंड मात्र तापतच राहते. काटा पाण्याचे तापमान सांगतो आणि लोखंड त्याच्या किती पुढे गेले आहे हे त्याला माहीत नसते.

हेड बद्द वाजले तरी तडा कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायचे होते. पूर्वी यासाठी रॉकेल आणि खडू वापरत. भाग रॉकेलने भिजवायचा, कोरडा पुसायचा, त्यावर खडूची पूड चोळायची आणि वाट बघायची. फटीत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ काढते. आता त्याच कल्पनेचे तीन डबे मिळतात. पहिल्या फवाऱ्याने मिस्त्रींनी व्हॉल्व्हच्या सीटांचा, म्हणजे झडपा जिथे टेकतात त्या कडांचा, भाग स्वच्छ केला, दुसऱ्याने त्यावर लालभडक रंग मारला, पंधरा मिनिटे तो मुरू दिला, मग पुसून काढला, आणि तिसऱ्या डब्यातली पांढरी पूड पातळशी फवारली. आम्ही दोघे वाकून उभे होतो. आधी काहीच नव्हते. मग तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेट (हवा आत येण्याच्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याच्या) सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीवर, पांढऱ्या पुडीतून, एक लाल टिंब वर आले, त्याच्या शेजारी दुसरे, आणि बघता बघता त्यांची एका सीटपासून दुसऱ्या सीटपर्यंत जाणारी वाकडी रेघ झाली. ती तिथे थांबली नाही. एक्झॉस्ट सीटच्या आत उतरून खाली पोर्टच्या, म्हणजे धुराच्या वाटेच्या, भिंतीवर गेली, आणि त्या भिंतीमागे पाणी होते.

सीटांच्या मधोमधच तडा का जावा, याचे उत्तर मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवत आलो होतो आणि तरीही ते मला पुरते समजलेले नव्हते. गोळा आणि कडीचा प्रयोग सगळ्यांनी शाळेत पाहिलेला असतो. गार गोळा कडीतून जातो, तापवलेला अडकतो. साधारण दीड फूट लांबीचे हे हेड 30 अंशांवरून 90 अंशांवर गेले की लांबीत पाव मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते, आणि सगळे हेड सारखेच वाढत असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण सीटांमधली ती बोटभर पट्टी एका बाजूने एक्झॉस्टच्या जाळात असते, आणि तिच्या भोवतालचे लोखंड पाण्यामुळे बरेच गार असते. पट्टीला वाढायचे असते आणि भोवतालचे लोखंड तिला वाढू देत नाही. अशा वेळी ती जागच्या जागी दाबली जाते आणि तापलेल्या अवस्थेत किंचित कायमची आखूड होते. मग इंजिन बंद होते, सगळे गार होते, आणि आता आखूड झालेल्या पट्टीला आपली जागा भरून काढण्यासाठी ताणले जावे लागते. बिडाला दाब चालतो, ताण चालत नाही. त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, आणि तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडात विखुरलेला असतो. ओतायला सोपे, कातायला मऊ आणि उष्णता वाहून न्यायला चांगले असे जे बीड आपल्याला मिळते ते या पापुद्र्यांमुळेच. ताण आला की मात्र प्रत्येक पापुद्रा ही फाटायची एक तयार जागा ठरते. ताणाच्या मानाने बीड तिप्पट-चौपट दाब सोसते.

याचा अर्थ, तडा जातो तो तापताना नव्हे, गार होताना. भर दुपारी काटा लाल पट्ट्यात गेला म्हणून माणूस घाबरतो आणि इंजिन तडक बंद करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गार पाणी ओततो, आणि लोखंडाला खरी इजा त्यानंतर होते. आबा मला लहानपणापासून सांगत आले होते की उकळलेल्या इंजिनाला कधी पाणी पाजायचे नाही, ते हळू फिरत ठेवायचे आणि आपण सावलीत बसायचे. त्यामागचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. माझी गोष्ट उलट होती.

हेडचा निर्णय मिस्त्रींनी लगेच दिला. काही इंजिनांच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांत सीटांमधल्या अगदी बारीक तड्याला, तो वरवरचा असला तर, चालवून घ्यायची मुभा असते; पण पाण्यापर्यंत पोहोचलेल्या तड्याला ती नाही. हे हेड भट्टीत तापवून बिडाच्याच सळईने वेल्डिंग करता आले असते आणि चुन्यात किंवा राखेत पुरून दोन दिवस गार होऊ दिले असते तर कदाचित ते टिकलेही असते. मात्र त्या पट्टीवर पुन्हा तोच जाळ येणार होता. "पैसे घेऊन मी करून देईन सर, पण हमी देणार नाही," असे ते म्हणाले, आणि मला त्यांचे ते बोलणे फार आवडले. जुन्या मालाच्या बाजारात दोन हेडे पाहिली. पहिले घासून-पुसून रंगवलेले होते. मिस्त्रींनी सोबत दिलेले तीन डबे मी वापरले आणि दुसऱ्या सिलिंडरच्या अगदी त्याच पट्टीवर अगदी तशीच लाल रेघ उगवली. विकणाऱ्याला तिची कल्पना नसावी, त्याचा चेहरा उतरला. दुसरे हेड इतक्यांदा घासले गेले होते की त्याची जाडीच उरली नव्हती. शेवटी नवे हेड मागवले.

ब्लॉकचे प्रकरण वेगळे होते. इंजेक्शन पंपाच्या बाजूला, हेड आवळून धरणारा आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, जिथे ब्लॉकमध्ये बसतो त्या भोकाच्या कडेपासून निघून एक तडा बाहेरच्या भिंतीवरून खाली आला होता. लांबी नऊ सेंटिमीटर. ट्रॅक्टर चालू असताना तो कधी लक्षात आला नाही, कारण पाझरलेले पाणी गरम भिंतीवरच वाळून जायचे आणि त्यावर ऑइल-मातीचा लेप चढायचा. धुतल्यावर तिथे क्षाराचा एक पांढरा ओघळ दिसला. असा तडा स्टडच्या बंद भोकात पाणी किंवा ऑइल राहून गेले तरी जाऊ शकतो. द्रव दबत नाही, त्यामुळे स्टड आवळताना पाचरीसारखा दाब भोकाच्या भिंतींवर येतो. म्हणून भोके हवा मारून कोरडी करायची असतात. आमच्या इंजिनाचे अर्धे काम 1999 मध्ये एकदा झाले होते. तेव्हा कुणी काय केले हे आता सांगता येणार नाही आणि सांगून उपयोगही नाही.

ब्लॉक बदलणे मला नको होते. यात भावना होती हे मी नाकारत नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो, कागदपत्रांत तो असतो, आणि ब्लॉक बदलला की हा ट्रॅक्टर आबांनी आणलेला ट्रॅक्टर राहील का, हा प्रश्न माझ्या मनात होता. पण भावनेला मिस्त्रींनी कारणही दिले. तडा बाहेरच्या भिंतीत होता, जाळापासून लांब होता, सिलिंडरच्या पोकळीत (बोअरमध्ये) किंवा मेन बेअरिंगच्या बैठकीत शिरला नव्हता, आणि तिथे पाण्याचा दाब नगण्य होता. "हा शिवता येईल. कोल्हापूरला नेऊया," ते म्हणाले.

शिवणे हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला, आणि काम पाहिल्यावर मला तोच बरोबर वाटला. पंचगंगेच्या काठी उसाला पाणी देणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता कोल्हापूर ओतकामात आणि कातकामात तयार झाले, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या बोळांत आजही अशी माणसे भेटतात ज्यांच्यापुढे फुटलेले बीड ठेवले तर ती आधी त्यावरून बोट फिरवतात आणि मग बोलतात. बीड न तापवता शिवण्याची ही पद्धत 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या तेलखाणींच्या भागात पुढे आली, कारण तिथे वायूच्या भीतीने वेल्डिंगची ठिणगी पाडणेच धोक्याचे होते. आपल्याकडे ती कधी आली मला माहीत नाही. ज्यांच्या शेडमध्ये आम्ही गेलो ते कारागीर वडिलांकडून शिकले होते.

त्यांनी आधी तड्याचे खालचे टोक शोधले. लाल रंगाने दिसले त्याच्याही पुढे दोन-तीन मिलिमीटर जाऊन तिथे एक बारीक भोक पाडले. तड्याचे टोक सुईसारखे असते आणि सगळा ताण त्या सुईवर एकवटतो; गोल भोकात आल्यावर तो भोवती पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग तड्याला आडव्या, थोड्या थोड्या अंतरावर, साच्यातून ओळीने भोके पाडून खाचा केल्या आणि त्यांत निकेलच्या मिश्रधातूच्या, कमरेत बारीक आणि पुन्हा रुंद अशा गाठींच्या पट्ट्या एकावर एक बसवून हवेच्या हातोडीने ठोकल्या. या पट्ट्या दोन्ही काठांना एकमेकांकडे धरून ठेवतात. त्यानंतर प्रत्यक्ष तड्यावर भोक, त्यात आटे, आटे असलेली पिन घट्ट आवळून वरून कापलेली, आणि पुढचे भोक असे की ते आधीच्या पिनचा थोडा भाग खाऊनच पडावे. एक पिन दुसरीत अडकली, दुसरी तिसरीत. तड्याची जागा अशी इंच-इंच नव्या धातूने भरत गेली.

वरून सुरुवात करून ते खाली येत होते, आणि ड्रिलच्या तोंडून पडणारा कीस एका कागदावर जमत होता. अर्ध्याहून अधिक काम झाल्यावर ते थांबले आणि मला बोलावून त्यांनी कागद दाखवला. वरच्या भोकांतला कीस काळपट आणि गंजाने तांबूस होता. शेवटच्या चार-पाच भोकांतला मात्र करड्या चकाकीचा, अगदी ताजा. "वरचा तडा जुना आहे, पाणी पिऊन पिऊन आतून गंजलाय. खालचा हा दोन सेंटिमीटर नवा आहे. वर्ष, फार तर दीड वर्ष," ते म्हणाले.

मी त्यांना काही बोललो नाही. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, डाळिंबाच्या बागेशेजारच्या तुकड्याची नांगरट करताना, भर दुपारी पंख्याचा पट्टा तुटला होता. मला ते उशिरा कळले. वाफेचा लोट उठला तेव्हा मी घाबरून इंजिन बंद केले, धावत विहिरीवर गेलो, बादली भरून आणली आणि झाकणाला ओले पोते गुंडाळून, हात भाजत असताना, ती सगळी बादली रेडिएटरमध्ये रिकामी केली. वर्गात दर वर्षी गोळा आणि कडी हातात धरणाऱ्या माणसाने हे केले. त्या दिवशी संध्याकाळी नवा पट्टा टाकल्यावर इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले होते आणि मी सुटलो असे मला वाटले होते.

त्याच दिवशी क्रँकही, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फेऱ्यांत बदलणारा इंजिनातला दांडाही, कोल्हापुरात होता. मिरजेत मिस्त्रींनी तो टांगून वाजवला होता आणि तो खणखणीत वाजला होता, त्यामुळे वीस साइजला, म्हणजे किंचित बारीक, ग्राइंडिंग करायचे आणि नवी बेअरिंगे टाकायची एवढाच विचार होता. पण ग्राइंडिंगच्या आधी तिथले लोक क्रँकला चुंबकत्व देतात, लोखंडाची चमकणारी बारीक पूड मिसळलेला द्रव त्यावर ओततात आणि अंधार करून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली पाहतात. तडा असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर पडतात आणि पूड तिथे चिकटते. क्रँकच्या तिसऱ्या पिनच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे जोडला जातो त्या भागाच्या, मुळाशी, जिथे पिन आणि क्रँकचा बाहू गोलाईत मिळतात तिथे, केसाएवढी हिरवी रेघ दिसली. लांबी जेमतेम बारा मिलिमीटर.

मी मिस्त्रींना फोन केला. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, "माझ्या कानाला ते नाही ऐकू आलं सर. दिवा सांगतोय ते खरं. तो क्रँक परत आणू नका, भंगारात टाका." चाळीस वर्षांच्या कानाने असे एका वाक्यात मागे सरावे, याचा मला त्या क्षणी आदर वाटला आणि आजही वाटतो.

रात्री घरी आबांना हे पटवणे सोपे गेले नाही. नऊ सेंटिमीटरचा तडा गेलेला ब्लॉक ठेवायचा आणि बारा मिलिमीटरची, तीही नुसत्या डोळ्यांना न दिसणारी रेघ असलेला क्रँक फेकायचा, हा कुठला न्याय, असे त्यांनी विचारले. मी कागदावर आकडा मांडून दाखवला. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला एक हजार स्फोट होतात. आठ तासांच्या नांगरटीत ते 4 लाख 80 हजार होतात. तितक्या वेळा ती पिन दबते, वाकते, पिळते आणि सुटते. ब्लॉकची भिंत जागेवर उभी असते, तिच्यातला तडा पाझरतो आणि माणसाला बजावतो. क्रँकमधला तडा काही न सांगता वाढतो, आणि तुटतो तेव्हा शिवलेल्या ब्लॉकसकट सगळे घेऊन जातो. आबांनी आकडा दोनदा वाचला आणि मान हलवली.

मग मी त्यांना कागदावरच्या त्या ताज्या किसाबद्दल आणि मे महिन्यातल्या बादलीबद्दल सांगितले. इतके दिवस सांगितले नव्हते. ते बराच वेळ गप्प बसले. ओरडतील असे मला वाटत होते.

"तू एक बादली ओतलीस," ते म्हणाले, "आणि तीस वर्षं घागरीनं बोअरचं पाणी कुणी घातलं? तो दगड काय एका दिवसात झालाय?" आणि उठून झोपायला गेले.

जोडणीला नऊ दिवस लागले. शिवलेल्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा पट्ट्या आणि रबर लावून बंद केल्या, तो गरम पाण्यात बुडवला आणि आत हवा भरली. अर्ध्या तासात एकही बुडबुडा आला नाही. ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग अगदी हलका घासून घेतला, कारण शिवणीच्या वरच्या पिना तिथे किंचित उंच होत्या आणि हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटला केसाएवढा उंचवटाही चालत नाही. क्षार काढायला ब्लॉक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवला होता, तरी कोपऱ्यांतले शेवटचे पापुद्रे मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने तारेच्या आकड्यांनी टोकरून काढले. स्टडची सगळी भोके हवेने कोरडी केली. ते काम मी स्वतः केले, प्रत्येक भोकात बॅटरी मारून पाहिले. लायनर, पिस्टन, रिंगा, नवा क्रँक, नवे हेड. हेडचे नट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळले, आणि इंजिन एकदा पुरते तापून गार झाल्यावर पुन्हा तपासले. पाण्याऐवजी आता अर्धे कुलंट आणि अर्धे आरओच्या जारचे पाणी असते. न्हाणीघरातल्या बंबाशेजारी एक जार आता ट्रॅक्टरसाठी राखून ठेवलेला आहे.

इंजिन रंगवताना मी शिवणीची जागा सोडायला सांगितली. रंगाखाली पाझर लवकर दिसत नाही. तिथे बिडाच्या करड्या भिंतीवर पिनांची गोल डोकी एका वाकड्या ओळीत दिसतात, वरच्या बाजूला थोडी दाट, खाली विरळ, आणि शेवटी ते एक बारीक भोक, तेही पिनने बुजवलेले. पहिले पन्नास तास होईपर्यंत मी रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी गरम असताना तिथे बोट फिरवून पाहत होतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात वरच्या पिनजवळ दोनदा ओलसरपणा लागला आणि मग तो आपोआप थांबला. कारागिराने तसे होईल हे आधीच सांगितले होते. आता ती जागा कोरडी आहे. रेडिएटरमधली पातळी दोन महिन्यांत बोटभरही उतरलेली नाही. आबा ती काठीने मोजतात आणि काठीवर चाकूने खूण करतात.

जुने हेड मी मिस्त्रींकडेच ठेवले. त्यांनीच मागितले होते. मागच्या रविवारी फिल्टर घ्यायला गेलो तेव्हा ते साखळीला टांगलेले होते, शेजारी दुसऱ्या साखळीला एक धडके हेड, आणि दोन्हींवर सारखाच काळा रंग मारलेला. गेल्याच आठवड्यात कामाला लागलेला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हातोडी घेऊन समोर उभा होता. त्याने एकावर ठोका मारला, दुसऱ्यावर मारला, गोंधळून मिस्त्रींकडे पाहिले. "घट्ट धरू नकोस, सैल धर," मिस्त्री म्हणाले. "आणि मारून झालं की श्वास रोखून थांब." मुलाने हातोडीची पकड सैल केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.